शिकवण, कथन आणि कर्ज : ‘श्यामची आई’चे एक पुनर्वाचन

मराठी समीक्षेने ‘श्यामची आई’कडे बहुधा दोनच प्रकारे पाहिले आहे. एक तर ते पुस्तक संस्कारवाङ्मय म्हणून वंदनीय ठरवून समीक्षेच्या कक्षेबाहेर ठेवले, नाही तर भावविवश व बोधवादी म्हणून त्याच कक्षेच्या दाराशी अडविले. या दोन्ही भूमिकांत वरवर विरोध दिसला तरी त्यांच्या मुळाशी एकच गृहीतक आहे. हे पुस्तक म्हणजे आईने मुलाला दिलेल्या शिकवणीचा संग्रह आहे, असे दोन्ही पक्ष धरून चालतात. मतभेद एवढाच की, त्या शिकवणीला साहित्यमूल्य आहे की नाही. प्रस्तुत लेखात या गृहीतकाचीच तपासणी करावयाची आहे. आईबापांनी काय शिकविले हे सांगणाऱ्या संहितेत शिकवण नेमकी कोठे असते? आईच्या उक्तीत, तिच्या कृतीत, की पुढे कित्येक वर्षांनी ते सांगावयास बसलेल्या अपत्याच्या गरजेत? हा प्रश्न आत्मपर लेखनाच्या एका मोठ्या परंपरेला लागू पडणारा असल्याने तो एका पुस्तकापुरता मर्यादित नाही. परंतु आरंभ तेथूनच करावा लागतो.

निवेदनाची चौकट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. साने गुरुजींनी हे पुस्तक फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत लिहिले व ते १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले. संहितेत मात्र तुरुंग नाही. तेथे आश्रम आहे, सायंप्रार्थना आहे, भोवती बसलेले सोबती आहेत आणि बेचाळीस रात्री आहेत. म्हणजे आई बोलते ती थेट वाचकाशी नव्हे, श्यामशीही नव्हे. प्रौढ श्याम आपल्या श्रोत्यांना सांगतो, त्या सांगण्यात ती बोलते. १९१७ साली निवर्तलेल्या, कोकणातील एका खेड्याबाहेर फारशी न पडलेल्या स्त्रीच्या तोंडी राष्ट्रीय चळवळीतून तावूनसुलाखून निघालेल्या शिक्षकाची भाषा अधूनमधून ऐकू येते, याचे नवल वाटावयास नको. ‘आई असे खरोखर बोलली असेल काय?’ हा प्रश्न म्हणूनच गैरलागू आहे. तिचे बोलणे निवेदकाने पूर्ण केलेले आहे, हे संहिता लपवीत नाही. सर्व पुस्तकभर निवेदक आईच्या शिकवणीला अर्थ देत जातो आणि श्रोते तो अर्थ मान्य करीत जातात. या मान्यतेमुळेच पुष्कळ प्रकरणांचा शेवट सैल झाला आहे, हेही येथेच कबूल करावयास हवे.

ही चौकट दूर सारून केवळ प्रसंगांकडे पाहिले, म्हणजे वेगळेच काही हाती लागते. न्हाऊन निघालेला श्याम ओले पाय मातीला लागू नयेत म्हणून हट्ट धरतो, आई आपले लुगडे पसरते, आणि पायांना जसे जपतोस तसे मनालाही जप, अशा आशयाचे सांगते. हा प्रसंग पाठ्यपुस्तकांतून व वक्तृत्वस्पर्धांतून इतका झिजला आहे की त्यातील तत्त्व आता दिसेनासे झाले आहे. बाह्य आणि आंतर अशी एक विभागणी येथे केलेली आहे व आंतर ते श्रेष्ठ ठरविलेले आहे. परंतु हीच आई पोहावयास न जाता लपून बसलेल्या श्यामला फोडून काढते, तेव्हा त्याच्या भित्रेपणाइतकेच, लोक त्याला भित्रा म्हणतील याचे शल्य तिला असते. लोकांच्या नजरेतील आपले रूप, म्हणजेच अब्रू, तिच्या मूल्यव्यवस्थेत आंतर आहे की बाह्य? पुस्तकाच्या पूर्वार्धात हा प्रश्न कोणी विचारीत नाही. उत्तरार्धात तो प्रश्न दारात येऊन उभा राहतो.

मध्यंतरी एका प्रकरणाचा स्वतंत्र उल्लेख करणे भाग आहे, कारण प्रस्तुत लेखकाच्या मते ते या पुस्तकातील कलादृष्ट्या सर्वांत निर्दोष प्रकरण होय. ‘अळणी भाजी’मध्ये आई काहीच शिकवीत नाही. भाजीत मीठ घालावयाचे ती विसरली आहे. वडील मुकाट्याने जेवतात, ते बोलत नाहीत म्हणून मुलेही बोलत नाहीत, आणि शेवटी आपले पान वाढून घेतल्यावर तिला चूक उमगते. खाणाऱ्याच्या मौनात एक संयम आहे आणि करणारीच्या हळहळीत दुसरी एक जबाबदारी आहे. दोन्ही गोष्टी एका घासाच्या अंतरावर घडतात. मुलाला जे कळले ते कोणी सांगितलेले नाही. त्याने दोन मोठ्या माणसांना एकमेकांशी वागताना पाहिले, इतकेच. पुढे चौकटीतील चर्चेत निवेदक त्या अनुभवाचे विवरण करतो ही गोष्ट वेगळी. विवरण गळून पडले तरी प्रसंग उभा राहतो. पितृत्व हे ‘श्यामची आई’त गौण असल्याचे म्हटले जाते, ते या प्रकरणापुरते तरी खरे नाही.

आता प्रकरणांच्या शीर्षकांचा क्रम पाहावा. पूर्वार्धात व मध्यात ‘स्वाभिमान-रक्षण’, ‘स्वावलंबनाची शिकवण’, ‘बंधुप्रेमाची शिकवण’ अशी गुणवाचक शीर्षके आहेत. बत्तिसाव्या रात्रीपासून भाषा एकदम पालटते. कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक, गरिबांचे मनोरथ, वित्तहीनाची फजिती, तेल आहे तर मीठ नाही, अब्रूचे धिंडवडे: ही शीर्षके नीतीची नसून अर्थव्यवहाराची आहेत. एक खोत घराणे कर्जापायी बुडते आहे. सावकाराचा माणूस दारात बसतो, जप्ती येते, गावात दवंडी पिटली जाते. आणि याच टप्प्यावर आईची शिकवण क्षीण होत जाते. ती रडते, देवाला मरण मागते, अंथरूण धरते. मन मळू नये म्हणून जपावयास सांगणारी ही स्त्री, मनावर कोणताही मळ नसताना, गावासमोर पिटलेल्या दवंडीने खचून जाते. तिने दिलेल्या शिकवणीने तिला स्वतःला तारले नाही.

या पुस्तकाचे साहित्यमूल्य मी येथे मानतो. बोधवादी लेखक असता तर त्याने आईला अखेरपर्यंत धीरोदात्त ठेवली असती, दवंडी तिच्या कानांवरून गेली असती आणि तिने मुलांना संपत्तीच्या नश्वरतेवर चार शब्द सांगितले असते. साने गुरुजींनी तसे केलेले नाही. त्यांच्या अश्रूंविषयी मराठी समीक्षकांनी पुष्कळ उपहास केला. पण त्या अश्रूंआड त्यांनी जे नोंदविले ते कठोर आहे. खरे महत्त्व कशाला, याचे ज्ञान असणे आणि त्या ज्ञानावर जगता येणे यांत जे अंतर पडते, ते बऱ्याच वेळा घरातील धान्याच्या कणगीने ठरते. आई जाते तेव्हा श्याम जवळ नसतो. तो पोचतो तेव्हा उरलेली असते ती राख. शिकवण सांगण्याची निकड या अनुपस्थितीतून उपजलेली आहे. बेचाळीस रात्री म्हणजे एका अर्थी फेडता न आलेल्या कर्जाचे हप्ते आहेत, आणि वडिलांचे कर्ज व मुलाचे कर्ज ही एकाच पुस्तकातील दोन खाती आहेत. (१९५३ मधील अत्रे यांच्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले आणि वात्सल्यमूर्ती आईची प्रतिमा लोकमानसात कायमची ठसली, पुस्तकातील जमाखर्च मात्र त्या प्रतिमेखाली दबला, असे मला नेहमी वाटत आले आहे.)

तथापि येथेच थांबलो तर ते पुस्तकाचे समर्थन होईल, पुनर्वाचन नव्हे. काही वर्षांपूर्वी एम. ए.च्या वर्गात ‘देवाला सारी प्रिय’ या प्रकरणाची चर्चा चालू होती. एका अस्पृश्य म्हातारीची लाकडांची मोळी खाली पडली आहे आणि कोणी ती उचलून द्यावयास तयार नाही. आई श्यामला मोळी उचलून दे म्हणते, आणि घरी येऊन आंघोळ कर, असेही सांगते. एरवी फारसे न बोलणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, त्या म्हातारीच्या घरी मुलगा असेल, तर त्या दिवशी तो काय शिकला?” वर्गात मला उत्तर देता आले नाही. काळाची मर्यादा, आईच्या परिस्थितीत तेवढेच धाडस मोठे, ही उत्तरे माझ्यापाशी होती; ती चुकीचीही नव्हती. पण ती श्यामच्या बाजूची उत्तरे होती. प्रश्न मोळीच्या बाजूने आलेला होता.

‘संस्कार’ हा शब्द समीक्षेत वापरताना आपण किती निष्काळजी असतो, हे त्या प्रश्नाने मला दाखविले. संस्कार करणारी आई होण्यासाठी घरात एक ओसरी लागते, देवघर लागते, सांजवेळी मुलांना जवळ घेऊन बसण्याइतका अवकाश लागतो. ज्यांना तो मिळाला नाही त्यांच्या आयांनी शिकविलेच नाही काय? की त्यांची शिकवण सांगण्यासाठी वेगळ्या वाङ्मयीन रूपाची गरज होती?

याचे उत्तर त्याच जिल्ह्यातून आले, हा योगायोग विलक्षण आहे. साने गुरुजींचे पालगड तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातले, दापोलीकडचे; ऊर्मिला पवार यांचे फणसवळेही रत्नागिरीजवळचेच. पवार यांचे ‘आयदान’ २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. यातील आई बांबूची आयदाने विणते. सुपे, टोपल्या, रोवळ्या विकून घर चालविते. वडील शिक्षक, ते लवकर गेले. मुलांना शिकवावे ही त्यांची इच्छा आईने आपल्या हातांनी पार पाडली. पण ती मुलीला जवळ बसवून काही सांगत नाही. तिला वेळ नाही, आणि बहुधा तशी भाषाही नाही. तिच्या वाट्याला आलेले दुःख विणण्याच्या गतीत मुरते. आपल्या लेखनाची वीण आणि आईच्या आयदानाची वीण यांचा सांधा लेखिकेने स्वतः जोडला आहे, आणि तो जोडताना तिने आईच्या तोंडी एकही सुवचन घातलेले नाही. मला हा संयम फार मोलाचा वाटतो. श्याम आईचे बोलणे पूर्ण करतो. येथे मुलगी आईचे न बोलणे अपुरे ठेवते. दोन्ही ठिकाणी कथन अपत्याचेच आहे, दोन्ही ठिकाणी आई ही भूतकाळातच सापडते. परंतु एका संहितेत अर्थ आईच्या नावे जमा होतो, तर दुसरीत लेकीला तो आपल्या जबाबदारीवर लावावा लागतो.

आई-बापांच्या शिकवणीचे हे एवढेच नमुने आहेत असे मात्र नाही. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झाली, म्हणजे ती ‘श्यामची आई’ची समकालीन, त्यांत वडिलांच्या पराकोटीच्या सोवळ्याचे जे वर्णन येते त्यातून लेखिका शिकते ती हसावयास, आणि तेही आकस न धरता. ‘झोंबी’तील (१९८७) बाप मुलाची शाळा तोडतो. तेथे जे शिकावयाचे ते बापाशी झुंजून, आईच्या साथीने शिकावे लागते. तरीही मळ्यातील कामाचे जे तपशीलवार ज्ञान त्या पुस्तकाच्या पानापानांत भरले आहे ते बापाकडून आलेले आहे, हे आनंद यादव यांच्या निवेदनातील राग ओसरल्याशिवाय दिसत नाही. नरेंद्र जाधव यांच्या ‘आमचा बाप आन् आम्ही’मध्ये (१९९३) तर बाप स्वतःच लिहितो. मुलांच्या आग्रहाने लिहावयास बसलेला हा कामगार आपल्या आयुष्याचा हिशेब आपल्या बोलीत मांडतो आणि मुले त्यापुढे आपले निवेदन जोडतात. ‘आईने सांगितले’ हे सांगण्याची श्यामची मक्तेदारी येथे मोडते. बापाच्या वाक्यांना मुलाने घासूनपुसून गुळगुळीत केले नाही तर शिकवण कशी खडबडीत, कधी गमतीची, कधी अर्धवट असते, याचा प्रत्यय ते पुस्तक देते. यशाच्या कथेकडे ते नंतर झुकते, हा त्याचा दोष मानावा की प्रयोजन, याची चर्चा स्वतंत्रपणे करावी लागेल.

या सर्व संहिता एकत्र ठेवल्यावर ‘श्यामची आई’ लहान होते असे मला वाटत नाही. तिचे स्थान बदलते. ती परंपरेचा मानदंड न राहता परंपरेतील एक बाजू होते, आणि ती बाजू स्वतःच्या मर्यादेशी झगडतानाही दिसते. मोळी उचलून आंघोळ करावयास गेलेला तो मुलगा पुढे मोठा झाला, आणि पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १ मे १९४७ रोजी उपोषणास बसला. ते दहा दिवस चालले आणि मंदिर खुले होण्याची वाट मोकळी झाल्यावर सुटले. पुस्तक लिहून तेव्हा चौदा वर्षे झाली होती. आईच्या वाक्याचा पूर्वार्ध ठेवून उत्तरार्ध खोडण्याचे हे काम त्यांनी पुस्तकात केले नाही, पुस्तकाबाहेर केले. आणि साहित्याचा अभ्यासक या नात्याने मला त्याची नोंद कोणत्या रकान्यात करावी हे अजून ठरविता आलेले नाही. त्या विद्यार्थिनीने पुढे प्रबंधासाठी दलित स्त्रियांची आत्मकथने हा विषय घेतला. ‘श्यामची आई’ तिने संदर्भग्रंथांत ठेवले आहे की नाही, हे मी तिला विचारलेले नाही.