रेव्ह. टिळकांच्या काव्यातील स्वर्गकल्पना आणि ऐहिक सुख

मराठी ख्रिस्ती काव्य वाचताना 'स्वर्ग' हा शब्द फसवा ठरतो. गीतेच्या नवव्या अध्यायानुसार स्वर्ग ही पुण्य सरेपर्यंतची भोगभूमी होय. याउलट, पुनरुत्थानानंतर विवाहसंबंध उरत नाहीत, असे येशू मत्तयाच्या शुभवर्तमानात सांगतो. म्हणजे ख्रिस्ती स्वर्ग हा ऐहिक सुखाचा विस्तार नसून ईश्वराचे सान्निध्य होय.

१८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्ह. नारायण वामन टिळकांनी (१८६१-१९१९) हा पेच संतपरंपरेच्या आधारे सोडविला. त्यांच्या अभंगांत परलोकीच्या सुखापेक्षा ख्रिस्ताच्या सहवासाची ओढ प्रधान आहे. तथापि फुलामुलांचा हा कवी इहलोक त्याज्य मानीत नाही. १९१७ मध्ये स्थापिलेल्या 'देवाचा दरबार'मध्ये त्यांनी बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही सामावून घेतले. स्वर्गाचे राज्य येथेच आरंभावे, ही त्यामागील धारणा दिसते.

परंतु लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये याची दुसरी बाजू आढळते. टिळकांच्या मुक्तहस्त दातृत्वाची झळ घरसंसाराला, विशेषतः पत्नीला, सोसावी लागली. ऐहिक सुखाचा त्याग एकाने करावा आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजावी, हा प्रश्न टिळकांच्या काव्यात अनुत्तरित राहतो. म्हणून त्यांच्या स्वर्गकल्पनेचे मूल्यमापन 'स्मृतिचित्रे'शिवाय अपूर्णच म्हणावे लागेल.