कट्यार आणि टक्केवारी : गेममधील शस्त्रकौशल्यांची एक समीक्षा

फँटसी रोल-प्लेइंग गेममध्ये पात्राची पातळी वाढली की त्याला एखादे कायमचे खास कसब मिळते. त्याला 'पर्क' म्हणतात. प्रकल्पासाठी गेम बनवताना तुम्ही बहुधा असे पर्क लिहिता : 'तलवारीचे डॅमेज +10%'. हा पर्क का फसतो, हे या टिपणात एकाच शस्त्रावरून पाहू. ते शस्त्र म्हणजे कट्यार.

1. आधी आकडेमोड

शत्रूचे आरोग्य 100 आणि तुमचा वार 20 चा धरा. तो पाच वारांत पडतो. 10% वाढीने वार 22 चा झाला, तरी पाचच वार लागतात. खेळाडूने गुण खर्च केला, पण लढाई होती तशीच राहिली. 25% वाढ दिली तर चार वार पुरतात. तरीही खेळाडू आधी जे करत होता तेच करतो, फक्त थोडे लवकर.

2. वस्तू काय सांगते?

कट्यारीला दोन समांतर दांड्या असतात आणि मूठ त्यांच्यामधल्या आडव्या पट्ट्यांवर आवळली जाते. त्यामुळे पाते हाताच्या सरळ रेषेत येते. भोसकताना सगळा जोर नेमका त्याच रेषेत लागतो. पण मनगट फिरवून तलवारीसारखा वार करता येत नाही आणि पल्लाही आखूड राहतो. म्हणजे शत्रूला अगदी खेटावे लागते. तंजावरच्या शस्त्रागारातील अनेक कट्यारी आज चेन्नईच्या एग्मोर येथील सरकारी संग्रहालयाच्या संग्रहात आहेत. त्यांतील काहींच्या मुठीवर हात झाकणारे धातूचे कवच आहे. जोर, पल्ला आणि बचाव हे तिन्ही नियम वस्तूतच आहेत.

3. गेमने काय घेतले?

एग्मोरपासून जवळच जॉर्ज टाउन आहे. तिथल्या बर्मा बाजारात सीडी धुंडाळणाऱ्या पिढीला कट्यार पडद्यावर भेटली. 'डायब्लो 2'च्या 2001 मधील विस्तारात असॅसिन या पात्राच्या शस्त्रांत ती आहे. त्यात 'क्लॉ मास्टरी' हे कौशल्य डॅमेज आणि अचूकता वाढवते, म्हणजे पुन्हा आकडेच. 'वेपन ब्लॉक' मात्र वेगळे आहे. दोन्ही हातांत पंजा-शस्त्रे असतील तरच त्यांनी वार अडवता येतो, म्हणून ढाल सोडावी लागते. इथे खेळाडूला खरोखर काहीतरी ठरवावे लागते. उणीव एवढीच, की सगळ्या पंजांना एकच नियम लागू आहे आणि कट्यारीचा स्वभाव त्यात हरवतो.

'रॅगनारॉक ऑनलाइन'मध्येही हीच दुफळी दिसते. 'कतार मास्टरी' दर पातळीला 3 असे दहा पातळ्यांत 30 डॅमेज देते. ते विसरून जावे असे आहे. पण तिथे कट्यार दोन्ही हात अडवते आणि त्या बदल्यात क्रिटिकल वाराची शक्यता दुप्पट करते. हा सौदा लक्षात राहतो.

4. आपल्याकडचा गेम

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' (2020) हा रोल-प्लेइंग नव्हे, तर अ‍ॅक्शन-साहसी गेम आहे. पण पर्कच्या चर्चेत तो हवाच. त्यात त्रिशूळ आणि शार्ङ्ग धनुष्य आहे. शस्त्रांना वीज, बर्फ यांसारखे परिणाम जोडता येतात. मात्र जोडलेला गुण केव्हाही काढून दुसरीकडे लावता येतो. निवडीची किंमतच नसेल तर ती निवड कसली? त्रिशूळाच्या तीन टोकांतून एखादा नियम निघू शकला असता; तिथे वीज चिकटवली गेली. याउलट राजी सर्कशीत वाढलेली मुलगी आहे, म्हणून ती भिंतीवर धावते, खांबाला गिरकी घेते आणि तिथून वार करते. गेममधील सर्वांत चांगले कसब स्किल ट्रीमध्ये नाहीच, ते तिच्या अंगात आहे.

5. कसोटी

पर्क लिहिताना दोन प्रश्न विचारा. तो घेतल्यावर खेळाडू काय वेगळे करेल? आणि शस्त्राचे नाव बदलले तरी तो तसाच चालेल का? दुसऱ्याचे उत्तर 'हो' असेल, तर तुमची कट्यार हे केवळ चित्र आहे. आपली शस्त्रे गेममध्ये दिसली म्हणून समाधान मानू नका. ज्यांनी ती घडवली त्यांचे डोके त्या दांड्यांत आणि पट्ट्यांत आहे. ते गेममध्ये उतरले नाही, तर उरते फक्त नाव.

स्वाध्याय : दांडपट्ट्याचे पाते लवचीक असते आणि मूठ पोलादी हातमोज्यात बंद असते. यावरून एकही टक्केवारी न वापरता दोन पर्क लिहा आणि प्रत्येकाची किंमतही सांगा.