आलेख चढला, पण कोणत्या द्रावणात?

कोक्रिस्टलचा विषय निघाला की २००३ सालचा एक शोधनिबंध पुढे येतोच. तो रेमेनार आणि सहकाऱ्यांनी ‘जर्नल ऑफ द अमेरिकन केमिकल सोसायटी’त प्रसिद्ध केला होता. पाण्यात जवळजवळ न विरघळणारे इट्राकोनाझोल हे बुरशीविरोधी औषध त्यांनी सक्सिनिक, फ्युमरिक, मॅलिक, टार्टारिक अशा आम्लांबरोबर एकाच स्फटिकात बसवले. तुम्ही तो मुळातून वाचा, पण सावधपणे.

रचनेचा भाग उत्तम आहे. आम्लाचा एक रेणू औषधाच्या दोन रेणूंमध्ये पुलासारखा बसतो आणि दोन्ही टोकांना ट्रायाझोल वलयांशी हायड्रोजन बंध करतो. फ्युमरिक आम्ल जमते, मॅलेइक (मॅलिक नव्हे, नावात फसू नका) जमत नाही. दोघांचे रेणुसूत्र एकच, शिवाय मॅलेइक जास्त तीव्र. म्हणजे इथे आम्लाची तीव्रता नाही, रेणूचा आकार ठरवतो. वर्गात मी हे दोन रेणू फळ्यावर शेजारी काढतो, मग फारसे बोलावे लागत नाही.

माझी तक्रार आलेखाबद्दल आहे, त्याहून जास्त तो वाचणाऱ्यांबद्दल. स्फटिकी औषधापेक्षा ४ ते २० पट संहती मिळाली. एल-मॅलिक आम्लाचा कोक्रिस्टल तर बाजारातल्या अस्फटिकी औषधाच्या बरोबरीला आला. यावरून उत्तरपत्रिकेत ‘विद्राव्यता २० पट वाढली’ असे लिहिले जाते. ते चूक आहे. ही विरघळताना गाठलेली संहती आहे, समतोलातली विद्राव्यता नाही. कोक्रिस्टल विरघळला की द्रावण औषधाने अतिसंपृक्त होते आणि वेळ मिळाला तर मूळ औषधच पुन्हा स्फटिक होऊन तळाशी बसते.

दुसरे म्हणजे चाचणीचे माध्यम: ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल. इट्राकोनाझोल दुर्बल आम्लारी आहे. सामू १ ला त्याची विद्राव्यता मिलिलिटरला सुमारे ४ मायक्रोग्रॅम, तर उदासीन द्रावणात सुमारे १ नॅनोग्रॅम. हजारो पटींचा फरक! शोषण मात्र मुख्यतः लहान आतड्यात होते, जिथे जठरासारखी आम्लता नसते. तिथे अतिसंपृक्तता किती मिनिटे टिकेल, हे आम्लातला आलेख सांगत नाही.

प्रकल्पासाठी हा विषय घेणार असाल तर नमुना आधी आम्लात ठेवा, मग सामू ६.८ च्या बफरमध्ये न्या आणि ठरावीक वेळाने संहती मोजा. तळाशी उरलेला घन पदार्थ फेकू नका. त्याचे एक्स-रे विवर्तन करून तो अजून कोक्रिस्टलच आहे का, हे पाहा.