पाठीमागलें शहर

घरोघरीं मोबाइल फोन आले आणि त्यांच्याबरोबर घरोघरीं छायाचित्रकार निर्माण झाले. या नव्या छायाचित्रणावर सुशिक्षित मंडळींत जी टीका ऐकूं येते ती बहुधा एकाच सुरांतली असते. पूर्वीं चार वर्षांतून एखादा फोटो निघे व तो चौकट करून भिंतीवर लागे. आतां दिवसास चाळीस निघतात आणि काढणारा स्वतःही ते पुन्हां पाहत नाहीं. ताटांतला डोसा, सिग्नलपाशीं थांबलेली बस, लिफ्टच्या आरशांतलें स्वतःचें प्रतिबिंब, कशाचाही फोटो निघतो, असें त्या टीकेचें थोडक्यांत स्वरूप आहे. आम्हांस ती पटत नाहीं. संख्येवरून गुणाचा निवाडा करावयाचा तर छापखाना निघाला त्याच दिवशीं वाङ्मयाचें सुतक धरावयास हवें होतें. शिवाय ही तक्रार नवीही नाहीं. १८८८ सालीं अमेरिकेंत ईस्टमन यानें कोडॅक कॅमेरा विक्रीस काढला व १९०० सालीं एका डॉलरांत मिळणारा ‘ब्राउनी’ बाजारांत आला, तेव्हांही हौशी मंडळींच्या सुळसुळाटाबद्दल असाच त्रागा झाला होता. आमची तक्रार निराळी आहे. परंतु ती मांडण्यापूर्वीं या छायाचित्रणाचा एक मोठा गुण, ज्याकडे त्याच्या स्तुतिपाठकांचेंही लक्ष गेलेलें दिसत नाहीं, तो सांगितला पाहिजे.

त्यासाठीं थोडें मागें जावें लागेल. मुंबईंत ही विद्या फार लवकर आली. १८५४ सालीं येथें फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु नारायण दाजी हे आरंभींच्या एतद्देशीय छायाचित्रकारांपैकीं एक होत. तथापि मध्यम स्थितींतल्या कुटुंबांत फोटो शिरला तो स्टुडिओच्या दारानें. स्टुडिओ म्हटला कीं पडदा आलाच. त्या पडद्यावर कोठें तळें रंगविलेलें असे, कोठें संगमरवरी जिना, कोठें विलायती बागेंतला खांब. त्यापुढें एक तिवई, तिवईवर फुलदाणी, खुर्चींत यजमान, शेजारीं उभ्या त्यांच्या कुटुंबाच्या हातांत कधींही न वाचलेलें पुस्तक, आणि जरीची टोपी घातलेलें, रडण्याच्या बेतांत असलेलें मूल. गिरगांवांतील चाळींत दहा फूट खोलींत संसार करणारा कारकून फोटोंत मात्र एखाद्या राजवाड्याच्या गच्चीवर बसलेला दिसतो! आज पणजोबांचा असा फोटो हातीं घेतला तर त्यांचें नाक कळतें, पागोट्याचा घाट कळतो, पणजीची नथ मोजून पाहतां येते. पण त्यांच्या खोलीची खिडकी कोणत्या अंगास होती, पाणी कशांत भरून ठेवीत, दिवा कोठें टांगीत, अंथरुणांची वळकटी दिवसां कोठें जाई, यांतलें कांहीं म्हणून समजत नाहीं. माणसें राहिलीं, घर गेलें.

हा पडदा मोबाइलच्या कॅमेऱ्यानें फाडला, आणि तोही आपल्या एका उणिवेच्या जोरावर. मोठ्या कॅमेऱ्यांत प्रतिमा ज्या फलकावर पडते तो बराच रुंद असतो, भिंगही मोठें असतें. त्यामुळें जवळची वस्तु स्पष्ट आली कीं दूरची आपोआप धूसर होते. फोनमधला फलक नखाएवढा. भिंगही तसेंच इवलें. परिणामीं चार हातांवरचें माणूस आणि चाळीस हातांवरची भिंत दोन्ही सारख्याच ठळकपणें उमटतात. तंत्र जाणणारे यास दोष म्हणतात. आम्ही यास साक्षीदाराचा प्रामाणिकपणा म्हणतों.

एखादा साधा घरगुती फोटो घ्या. मुलाचा वाढदिवस आहे. मुलगा केक कापतो आहे. बापानें घाईघाईंत फोटो काढला आहे. मुलाचें तोंड हललें आहे, आत्याचें अर्धें डोकें कापलें गेलें आहे, छायाचित्र या नात्यानें त्यास पासापुरतेही गुण मिळावयाचे नाहींत. पण मुलाच्या पाठीमागें पाहा. भिंतीवर कालनिर्णय, त्याच्या तारखांच्या चौकटींत दुधाचा हिशेब. मांडणीवर उपड्या घातलेल्या वाट्या. दाराच्या कडीस अडकविलेलें दप्तर. उघड्या दारांतून दिसणारी गॅलरी, दोरीवरचे कपडे, आणि कपड्यांच्या आडून कौतुकानें डोकावणाऱ्या शेजारच्या काकू. यांतलें कांहींच काढणाऱ्यास काढावयाचें नव्हतें. तें आपण होऊन आंत आलें. काढणाऱ्याच्या इच्छेवांचून शहर फोटोंत शिरतें, हेंच या छायाचित्रणाचें वैशिष्ट्य, आणि आमच्या मतें हाच त्याचा सर्वांत मोठा गुण.

थोर छायाचित्रकार हीच गोष्ट जाणूनबुजून साधतात, हें उघड आहे. होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांनीं तरुणपणीं मुंबईच्या नित्याच्या जीवनाचीं छायाचित्रें काढलीं व तीं आरंभीं पति माणेकशा यांच्या नांवावर प्रसिद्ध झालीं. पुढें दिल्लींतील राजकीय प्रसंगांच्या चित्रांनीं त्यांची कीर्ति झाली. आमचा ओढा मात्र त्या पहिल्या, बिनमहत्त्वाच्या चित्रांकडे अधिक आहे. रघुबीर सिंग यांचें मुंबईवरील पुस्तक १९९४ सालीं निघालें. त्यांच्या चित्रांत मुख्य कोण आणि गौण कोण हें ठरवितांना पाहणाऱ्याची त्रेधा उडते. कांचेंत रस्ता दिसतो, रस्त्यांत जाहिरात, आणि कोणीही कोणास मागें हटावयास तयार नसतो. मुंबईंत राहिलेल्या माणसास ही दाटी समजावून सांगावी लागत नाहीं. अर्थात् केकच्या फोटोस आम्ही या पंक्तींत बसवीत नाहीं. रचना, संयम, थांबून पाहणें हें सारें तेथें नाहीं, आणि तें नाहीं तोंवर कला हा शब्द जपून वापरावा. पण रघुबीर सिंगांस ज्या खोलींत कोणी बोलाविलें नसतें त्या खोलींत हा फोटो निघाला आहे, एवढें त्याचें माप त्यास दिलें पाहिजे.

या मापाची किंमत आज विशेष आहे. कारण ज्या खोल्यांविषयीं आम्ही बोलतों त्या भराभर नाहींशा होत आहेत. वरळी, नायगांव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथील बी. डी. डी. चाळी १९२० नंतरच्या दशकांत सरकारी डेव्हलपमेंट खात्यानें बांधल्या. १६० चौरस फुटांची एकेक खोली, मजल्यामजल्यावर सामाईक संडास, लांबच लांब मधला बोळ, अशी त्यांची रचना. २०२५ च्या ऑगस्टमध्यें वरळीच्या ५५६ कुटुंबांस उंच इमारतींत ५०० चौरस फुटांचीं घरें मिळालीं. त्या कुटुंबांस आम्ही मनापासून अभिनंदन देतों. सामाईक संडासाची रांग ज्यांनीं कधीं धरली नाहीं त्यांनींच चाळीच्या आठवणीनें गहिंवरावें, हा प्रकार आम्हांस मानवत नाहीं. पण शंभर वर्षें तीन-चार पिढ्यांनीं तेथें जो संसार मांडला त्याचा पुरावा कोठें असेल? नकाशे सरकारी दप्तरांत असतील. बोळांत मांडलेली गणपतीची आरास, पापड वाळत घातलेली कठड्याची कड, अभ्यासास उजेड मिळावा म्हणून दिव्याखालीं ओढून घेतलेलें स्टूल, हें मात्र त्या कुटुंबांच्या फोनांत, कोणाच्या तरी खांद्यामागें सांपडेल.

आणि नेमकें तें पुसण्याची सोय कारखानदारांनीं करून ठेविली आहे! ही आमची तक्रार. २०१६ सालीं ॲपलनें आपल्या दोन भिंगांच्या फोनांत ‘पोर्ट्रेट’ नांवाची युक्ति आणली आणि लवकरच ती स्वस्त फोनांतही पसरली. भिंगास जें जमत नाहीं तें येथें गणितानें करतात: माणूस कोठें संपतो याची यंत्र अटकळ बांधतें आणि त्यापलीकडचें सारें धूसर करून टाकतें. अटकळ चुकते तेव्हां मौज होते. चष्म्याची कांडी हवेंत विरते, मोगऱ्याचा गजरा अर्धा केसांत व अर्धा धुक्यांत राहतो. परंतु ती बरोबर येते तेव्हांचें नुकसान मोठें आहे. मुलगी पहिल्या नोकरीस निघाली आहे, आई दारांत उभी करून फोटो काढते. मुलगी रेखीव, आणि दार, उंबरा, दारावरची पाटी, जिन्यांत ठेविलेली शेजाऱ्याची सायकल हें सारें मऊ मऊ रंगांचें पाणी. स्टुडिओवाल्याचा पडदा निदान कोणी तरी रंगविलेला होता व त्यावरचा जिना पाहून हंसूं तरी येतें. हा नवा पडदा स्वतः कांहींच दाखवीत नाहीं. शंभर वर्षांनीं सुटलेलें घर त्यानें पुन्हां झांकलें.

रात्रीच्या चित्रांची हीच कथा. २०१५ सालीं मरीन ड्राइव्हवरील पिवळे सोडियमचे दिवे काढून पांढरे एलईडी दिवे लाविले, तेव्हां शहरांत केवढा गहजब झाला! ‘राणीच्या कंठ्या’चें सोनें गेलें म्हणून लोक हळहळले, वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. आपल्या रात्रीच्या रंगाबद्दल भांडणारें शहर आम्हांस अतिशय प्रिय आहे. परंतु २०१८ पासून गूगलच्या व मागोमाग इतरांच्या फोनांत अंधाराचे फोटो उजळून देण्याची जी योजना आली, ती कित्येक फोटो लागोपाठ घेऊन एकावर एक बसविते व दिव्यांचा रंग आपल्या अंदाजानें ‘सुधारते’. गल्लीच्या टोकाचा कोंदट पिवळा उजेड, गाडीवाल्याच्या एका दिव्याभोंवतीं दाटलेला काळोख, वीज गेल्यावर मेणबत्तीनें उजळलेली अर्धी भिंत, या सर्वांचा संध्याकाळीं सहाचा सुमार होऊन बसतो. त्याबद्दल कोणी ओरड केल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. उलट फोन चांगला निघाला म्हणून शेजाऱ्यास दाखवितात.

२०२१ सालीं गूगलनें याहून पुढची पायरी गांठली: फोटोंत नको असलेल्या माणसावर बोट फिरवावें, तें नाहींसें होतें, आणि त्या जागीं यंत्र आपल्या कल्पनेनें भिंत किंवा फरशी भरून काढतें. येथें एक आक्षेप येईल आणि तो हलका नाहीं. पाठीमागच्या माणसानें तुम्हांस परवानगी दिली होती काय? लोकलच्या डब्यांत डुलकी लागलेली बाई, पदपथावर आंघोळ करणारा हमाल, यांस तुमच्या आठवणींत कायमचें उभें राहण्याची हौस नसेल. हा हक्क आम्ही पूर्णपणें मानतों. कोणाच्या अडचणीचा फोटो काढूं नये, आणि चुकून निघाला तर चारचौघांत फिरवूं नये. त्यासाठीं चेहरा झांकला तरी पुरें. परंतु लोक बोट फिरवितात तें या विचारानें फिरवितात असें आम्हांस दिसत नाहीं. हातगाडी जाते, कचऱ्याचा डबा जातो, विजेच्या तारा जातात, भाजीवाली जाते. ‘मध्यें आली’ एवढाच तिचा अपराध. ज्या गल्लींत ती वीस वर्षें रोज सकाळीं बसते तेथें मध्यें कोण आलें, हा प्रश्न निदान विचारावयास हरकत नसावी.

आणखी एक गोष्ट निव्वळ व्यवहाराची आहे. जुन्या फोटोंच्या पाठीवर कोणी तरी शाईनें दोन ओळी लिहीत: अमक्याची मुंज, अमुक साल, डावीकडून तिसरी ताई. मोबाइलचा कॅमेरा तारीख, वेळ आणि परवानगी दिल्यास ठिकाणही फोटोबरोबर आपण होऊन नोंदवितो. परंतु तोच फोटो व्हॉट्सॲपवरून नेहमींच्या रीतीनें धाडला कीं आकार लहान होतो व ही नोंद गळून पडते; कुटुंबाच्या गटांत दहा हात फिरून आलेल्या फोटोस जन्मतारीख राहत नाहीं. तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून धाडला तर जसाच्या तसा पोंचतो. घर सोडण्यापूर्वीं, किंवा घर पडण्यापूर्वीं, ‘पोर्ट्रेट’ची युक्ति बंद करून, दिवाणखाना न आवरतां, चारी भिंतींचे आणि दारांतून दिसणाऱ्या गल्लीचे आठ-दहा फोटो काढावे, त्यांखालीं पत्ता व वर्ष लिहावें, आणि ते घरांतल्या दोघांतिघांजवळ मूळ स्वरूपांत ठेवावे. यास पंधरा मिनिटें पुरतात, आणि हात थोडा हलला तरी चालेल.