पूर्वरंग गाळलेले कीर्तन

वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. वेगळा जिल्हा झाला तो १९९८ साली. माझ्या लहानपणी आमच्या खेड्यात मारुतीच्या पारासमोर एका संध्याकाळी पांढरा पडदा बांधून ‘दयासागर’ दाखवला गेला. तिकीट नव्हते. सारे गाव लोटले. क्रुसाच्या प्रसंगी बाया पदराने डोळे पुसत होत्या. खेळ संपला, एका गृहस्थाने प्रार्थना सांगितली, पत्रके वाटली आणि जीप निघून गेली. हिंदी अर्धीच कळलेल्या आजीने दुसऱ्या दिवशी मला विचारले, “मंग त्याच्या मायले कोनं पाह्यलं?” मला सांगता आले नाही.

चर्चने करमणुकीचा आधार घ्यावा का, या वादात एक बाजू ‘आमिष’ म्हणते, दुसरी ‘सेवा’. मला हा वादच आडवळणाचा वाटतो. आपल्याकडे धर्म आणि रंजन वेगळे होतेच कधी? कीर्तन, भारूड, गोंधळ यांना लोक पुण्यासाठी जात आणि मौजेसाठीही. सत्यशोधकांनी तमाशाच्या बाजावर जलसा उभा केला, आंबेडकरी जलशांनी तो पुढे नेला. तेव्हा ख्रिस्ती प्रचारकांनी लोकप्रिय घाट उचलला, यात वावगे काही नाही. त्यांनी त्यातले काय घेतले आणि काय गाळले, हे तपासायला हवे.

फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात छापले गेले. जुन्या पोथ्यांना मनाई झालेल्या नवख्रिस्ती लोकांना वाचायला-ऐकायला काहीतरी हवे, अशी मागणी त्या ग्रंथातच एका ब्राह्मणाच्या तोंडी येते. म्हणजे रंजनाची ही गरज बंदीतून जन्मली होती, हे विसरता येत नाही. तरीही ओवीच्या निवडीत ऐकणाऱ्याच्या कानाचा मान होता.

रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती. अहमदनगरला कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तन आधीच रुजवले होते. टिळकांनी त्याला अभंगांची जोड दिली. पुढे लक्ष्मीबाईही कीर्तने करीत. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात अभंग घेऊन विचार मांडायचा, शंका उपस्थित करायच्या, आणि मग उत्तररंगात आख्यान सांगायचे, अशी रीत. आख्यान रडवते; पण त्याआधी श्रोत्याची बुद्धी जागी केलेली असते. शिवाय कीर्तनकार रात्री गावातच मुक्कामाला असतो. सकाळी त्याला गाठता येते.

‘दयासागर’ हे १९७८ च्या ‘करुणामयुडु’ या तेलुगू चित्रपटाचे हिंदी रूप. पुढच्याच वर्षी आलेला इंग्रजी ‘जीझस’ आता दोन हजारांहून अधिक भाषांत पोचला आहे. कला म्हणून ‘दयासागर’ला मी हिणवणार नाही. आपल्या पौराणिक चित्रपटांची बोली तो सराईतपणे बोलतो, म्हणून तो पारावर शोभला. पण पडद्यावर उरतो तो निव्वळ उत्तररंग. ‘जीझस’च्या शेवटी तर प्रेक्षकाला लगेच प्रार्थनेत सामील व्हायला सांगितले जाते, आणि किती जणांनी पाहिले, किती जणांनी ‘निर्णय’ केला याचे आकडे प्रसिद्ध होतात. ऐकणारा माणूस इथे मोजणीचा विषय होतो.

याच वऱ्हाडात गाडगेबाबांची कीर्तने होत. बाबा प्रश्न टाकत, गर्दी उत्तर देई, त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघे. ज्या घाटात श्रोत्याला बोलायला जागा आहे, तो घाट प्रचाराला वापरला तरी श्रोता लहान होत नाही. वाशीमच्या रेनॉल्ड्स मेमोरियल या मिशनच्या दवाखान्यातही आधी विचारपूस, मग औषध हाच क्रम.

हा दोष एकट्या चर्चचा नाही. हल्ली सप्ताहातल्या कीर्तनांचे हशा पिकवणारे तुकडेच मोबाइलवर फिरतात. तिथेही पूर्वरंग गळूनच पडतो.

आजीच्या प्रश्नाचे उत्तर मला फार उशिरा, योहानाच्या शुभवर्तमानात सापडले. क्रुसावरून येशूने आईला आपल्या शिष्याच्या हवाली केले आणि तो तिला घरी घेऊन गेला. उत्तर होते, आणि आजीला ते पटलेही असते. ते विचारायला ती सकाळी पारापर्यंत गेली होती. तिथे पडद्यासाठी रोवलेल्या बांबूंचे दोन खड्डे तेवढे होते.