८० गोलांची एकविसावी ओळ

इंग्लंडच्या फुटबॉलमधल्या पहिल्या विभागाचा १९३७-३८ चा गुणतक्ता मी तळाकडून वाचतो. सर्वांत वर ५२ गुणांचा आर्सेनल, सर्वांत खाली ३६ गुणांचा वेस्ट ब्रॉमविच अल्बियन. विजयाला दोन गुण आणि बरोबरीला एक, असा तेव्हाचा हिशेब होता. म्हणजे ४२ सामन्यांच्या मोसमात पहिल्या आणि बाविसाव्या संघात अंतर पडलं ते अवघ्या आठ विजयांचं. या दाटीत एकविसावी ओळ मँचेस्टर सिटीची आहे: विजय १४, बरोबरी ८, पराभव २०, केलेले गोल ८०, पत्करलेले ७७, गुण ३६.

ही ओळ वाचायची तर तिच्या मागचं वर्ष आठवावं लागतं. १९३६-३७ मध्ये सिटी विजेती होती. ५७ गुण, १०७ गोल. उत्तर आयर्लंडच्या पीटर डोहर्टीने एकट्याने ३० गोल केले होते, डावीकडून एरिक ब्रूक धावत होता, गोलात फ्रँक स्विफ्ट उभा होता. पुढच्या वर्षीही माणसं बहुतेक तीच, व्यवस्थापक तोच विल्फ वाइल्ड, मैदान तेच मेन रोड. तरी मे महिन्यात हा संघ दुसऱ्या विभागात उतरला. गतविजेत्यांवर अशी वेळ इंग्लंडच्या पहिल्या विभागात त्याआधी कधी आली नव्हती आणि नंतरही आलेली नाही.

या मोसमाची आठवण निघते ती बहुधा गंमत म्हणून: सर्वांत जास्त गोल करणारे बुडाले! आकडा खरा आहे. त्या वर्षी बावीस संघांत ८० गोल दुसऱ्या कुणाचेच नव्हते. विजेत्या आर्सेनलचेही ७७ च होते. सिटीने पत्करलेले गोलही ७७. वर आर्सेनलच्या खात्यात जमा असलेला आकडा खाली सिटीच्या खात्यात नावे पडलेला दिसतो, आणि तक्त्यातलं हे यमक मला फार बोचतं. पण गंमत म्हणून वाचलं की ओळीतला करुण हाती लागत नाही. त्यासाठी ते ८० गोल फोडून पाहायला हवेत.

डर्बी काउंटीवर मेन रोडला ६-१, त्यांच्याच घरी जाऊन ७-१. वेस्ट ब्रॉमविचवर ७-१. लीड्स युनायटेडवर ६-२. चार सामने, २६ गोल. हे चार बाजूला ठेवा. उरलेल्या ३८ सामन्यांत सिटीचे गोल ५४ आणि अंगावर आलेले ७२. तीन गोलांची शिल्लक एकदम अठरा गोलांची तूट होते. हंगामाचा पाऊस सरासरी गाठतो, पण चार दिवसांत कोसळून जातो आणि पिकं वाळतात; हा मोसम नेमका तसा आहे. आदल्या वर्षी सामन्यामागे अडीच गोल करणारी आघाडी या ३८ सामन्यांत दीड गोलापर्यंतही पोचत नव्हती. म्हणून ‘सर्वाधिक गोल करणारा संघ’ हे वर्णन खरं असूनही मला अपुरं वाटतं. त्यात ते उरलेले आठवडे झाकले जातात.

आणि तरीही डर्बीच्या मैदानावरचे ते सात गोल मला उणे करवत नाहीत. ज्या मोसमात विजय इतके दुर्मिळ होते, त्यात परक्या गावी जाऊन सात गोल करणारी माणसं खेळ विसरली होती असं कोण म्हणेल? फरक बचावातही होता. १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम सैल झाला, गोल वाढले, आणि आर्सेनलने मधला खेळाडू मागे ओढून बचाव आवळला. १९३७-३८ मध्ये आर्सेनलने ४४ च गोल पत्करले. सिटीच्या ७७ शेजारी हा आकडा ठेवला की विजेतेपद कुठे गेलं ते दिसतं.

शेवटचा सामना ७ मे १९३८ ला हडर्सफील्डच्या लीड्स रोडवर झाला. यजमानही गाळात होते. आठवड्यापूर्वीच ते वेम्ब्लीला एफए कपचा अंतिम सामना जादा वेळेच्या अखेरच्या मिनिटातल्या पेनल्टीवर प्रेस्टनकडून हरले होते. त्यांचे ३७ गुण, सिटीचे ३६. सिटी ०-१ ने हरली. पण त्या दिवशी बरोबरीही पुरली नसती, कारण ग्रिम्सबी, पोर्ट्समथ, बर्मिंगहॅम आणि स्टोक चौघेही ३८ वर पोचले. विजयच हवा होता. तो मिळता, तर सिटीही ३८ वर जाती आणि हडर्सफील्ड खाली. समान गुण असले की तेव्हा केलेल्या गोलांना पत्करलेल्या गोलांनी भागत. त्या चौघांचाही भागाकार एकाहून कमी होता, सिटीचा जास्त. म्हणजे ८० गोलांचा तो सगळा साठा एका विजयापलीकडे, वापराविना पडून होता.

त्याचा उपयोग झाला तो एकाच जागी. वेस्ट ब्रॉमविचचेही गुण ३६ च. केलेले गोल ७४, पत्करलेले ९१. भागाकार झाला आणि सिटी त्यांच्या वर, एकविसावी आली. उतरायचं मात्र दोघांनाही होतं.