कवितेतली कूस आणि बाईची पिशवी

आमच्याकडं कुणी गर्भाशय म्हणत नाही. पिशवी म्हणतात. दाढ काढली म्हणावं तसं बाया एकमेकींना सांगतात, "माझी पिशवी काढली." कवितेत मात्र पिशवी येत नाही. कवितेत कूस येते, गर्भ येतो, वेणा येतात, आणि त्या वेणांतून क्रांतीचा सूर्य जन्माला येतो. या दोन शब्दांत जे अंतर आहे त्यावर मला लिहायचं आहे. दुसऱ्याची कविता कशाला घेऊ? माझीच घेतो.

जयंतीच्या आठवड्यात बीडकडच्या आमच्या वस्तीवर कविसंमेलन होतं. मी 'आई' ही माझी कविता म्हणली. तिच्यात आई ही जळती भूमी आहे, तिच्या कुशीत हजार वर्षांचा लाव्हा आहे, आणि शेवटी तिच्या पोटातून बंड बाहेर पडतं. टाळ्या पडल्या. पोरांनी 'वन्स मोअर' म्हणलं. संमेलन उठल्यावर ओट्यावर बसलेली माझी आत्या मला म्हणाली,

"लई जोरात म्हणलास रं बाळा. पन तुझ्या त्या आईला कुनी इचारलं का, पोर पायजे का नको म्हनून? नुस्तीच बाळंत हुती ती. माझी पिशवी काढून बारा वर्सं झाली, कंबर अजून धरती. त्येच्यावर कर की एखांदी."

मी हसलो. काहीतरी उत्तर दिलं. रात्री झोप आली नाही.

आत्याची हकिगत अशी. नवरा-बायको मिळून एक कोयता. दिवाळीच्या आसपास बिऱ्हाड घेऊन कारखान्यावर जायचं, उन्हाळ्याला परतायचं. अंगावरून पांढरं जायचं, ओटीपोट दुखायचं. फडात ना आडोसा, ना पाणी. पाळीच्या चार दिवसांतही मोळ्या डोक्यावर. एक दिवस बसली तर खाडा, आणि खाड्याचे पैसे मुकादम उचलीतून कापणार. तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात गेली. डॉक्टरनं मशीन फिरवलं आणि म्हणाला, पिशवी खराब झाली, ठेवली तर कॅन्सर होईल. तेव्हा तिचं वय बत्तीस. दुसऱ्या डॉक्टरला विचारावं, गोळ्या घेऊन बघावं, हे कुणी सांगितलं नाही. पैसे मुकादमाकडून उचलले. म्हणजे पिशवी गेली ती कर्जावर, आणि ते कर्ज फेडायला बाई पुन्हा त्याच फडात. डॉक्टरचं नाव मी लिहीत नाही. एकाचं नाव लिहिलं की बाकीचे सज्जन ठरतात.

हे आत्याचं एकटीचं नाही. २०१९ साली गवगवा झाला, तेव्हा सरकारला समिती नेमावी लागली. बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या ८२ हजारांवर बायांची पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजारांहून जास्त बायांची पिशवी काढलेली निघाली. दर सहा बायांमागं एक! एवढा मोठा उद्योग वर्षानुवर्षं आमच्या डोळ्यांसमोर चालला होता. आणि आम्ही कविता करत होतो कशावर? कुशीवर.

२

प्रस्थापितांच्या साहित्यातली आई आपण नाकारली. ती वात्सल्यमूर्ती, तुळशीपुढं दिवा लावणारी, डोहाळजेवणात झोपाळ्यावर बसलेली. आपण म्हणलं, आमची आई तशी नाही, आमची आई मोळी वाहते, शेण काढते. बरोबर म्हणलं. पण पुढं आपण काय केलं? त्या मोळीवालीलाही देव्हाऱ्यात बसवलं. त्यांच्या देव्हाऱ्यात वात्सल्य, आपल्या देव्हाऱ्यात विद्रोह. दोन्हीकडं बाईनं फक्त प्रसवायचं. तिथं ती मुलाला जन्म देते, इथं लढ्याला. तिला दिवस गेले कसे, हवे होते का, सुईण मिळाली का, वार पडली का, रक्त थांबलं का, हे दोन्हीकडं कुणी विचारत नाही.

विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट आपण किती अभिमानानं सांगतो! तमाशा रंगात आलेला, बाई दिवस भरलेली. आत जाऊन बाळंत झाली, दगडानं नाळ तोडली आणि परत बोर्डावर आली असं सांगतात. टाळ्या! त्या बाईची जिद्द मोठीच. पण या गोष्टीचं खरं समीक्षण एका वाक्याचं आहे: पोटुशी बाई नवव्या महिन्यात नाचत का होती, आणि दगड का, कात्री का नाही? जो अन्याय होता त्याचा आपण पराक्रम करून टाकला. अन्यायाचा पराक्रम केला की तो दूर करायची जबाबदारी आपोआप सुटते.

बाबुराव बागुलांनी हा देव्हारा फार आधी फोडला होता, हे इथं नोंदवलं पाहिजे. त्यांची 'आई' ही कथा वर्गातल्या आईवरच्या कवितेपासून सुरू होते आणि घरातल्या खऱ्या आईशी येऊन आदळते. ती आई तरुण विधवा आहे. तिला शरीर आहे, भूक आहे, भय आहे. मुलालाही ते सोसत नाही. त्या मुलाचं जे झालं तेच आपल्या कवितेचं झालं. आईला शरीर असतं, हे आपल्याला सोसलं नाही.

१९७२ साल आपल्याला पाठ आहे. त्या वर्षी पँथर जन्मली, त्या वर्षी 'गोलपिठा' आला. त्याच वर्षी १ एप्रिलपासून वैद्यकीय गर्भपाताचा १९७१चा कायदा लागू झाला. ज्या गल्ल्यांवर आपण लिहीत होतो त्या गल्ल्यांतल्या बाया काड्या घालून, जडीबुटी खाऊन मरत होत्या. त्या कायद्याबद्दल मी त्या काळातल्या आपल्या लिखाणात शोधलं. मी जे चाळलं त्यात मला ओळभरही सापडलं नाही. व्यवस्थेवर थुंकायला शाई होती, या एका कागदावर बोट ठेवायला नव्हती.

३

मग कुणी लिहिलं? बायांनी लिहिलं. बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तकरूपानं आलं. बेबीताईंनी ते नवऱ्यापासून लपवून लिहिलं होतं. त्यात महारवाड्यातलं बाळंतपण आहे. वेणा आणि भूक एकाच वेळी. भोवती जमलेल्या अडाणी बायांचे पुन्हापुन्हा आत जाणारे हात. बाळंतिणीला टेकायला धड फडकं नाही, पोटात घालायला कण्या नाहीत. आपले समीक्षक या पानांना 'दाहक वास्तव' म्हणाले आणि पुढं गेले. मी म्हणतो, ही पानं आरोग्य खात्याचा अहवाल म्हणून वाचा. जंतुसंसर्ग कसा होतो, रक्तक्षय कसा होतो, बाळंतीण कशानं मरते, सगळं त्यात आहे. फक्त डॉक्टरी शब्द नाहीत. वेदना सांगणं हे साहित्य असेल, तर वेदनेचं कारण सांगणं हे त्याहून मोठं साहित्य आहे. बेबीताईंनी दोन्ही केलं. आपण पहिल्यालाच दाद दिली.

४

कुणी म्हणेल, हा बायकांचा प्रश्न, चळवळीत आधी जातीचा. अशा मित्राला मी बाबासाहेबांकडं नेतो.

१९२८ साली मुंबई कौन्सिलात गिरणीतल्या बायांना बाळंतपणाची पगारी रजा देण्याचं बिल आलं. बाबासाहेब त्याच्या बाजूनं उभे राहिले. आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, त्याचा भार मुख्यतः सरकारनं आणि काही मालकानं उचलावा, ही त्यांची भूमिका. १९३४ साली र. धों. कर्व्यांवर 'समाजस्वास्थ्य' मासिकातल्या मजकुरासाठी अश्लीलतेचा खटला झाला. लैंगिक प्रश्नांना दिलेली सरळ उत्तरं, हा गुन्हा! कर्व्यांचं वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतलं. खटला हरले, पण उभे राहिले. चवदार तळ्याचा नेता संततिनियमनवाल्या ब्राह्मणासाठी कोर्टात उभा राहतो, यात आपल्याला काही शिकायचं आहे की नाही?

आणि १० नोव्हेंबर १९३८. मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी ठराव मांडला की सरकारनं संततिनियमनाचा प्रचार करावा आणि त्याची साधनं लोकांना मिळण्याची सोय करावी. भाषण बाबासाहेबांनी लिहिलेलं होतं. त्यातला एक मुद्दा असा, की बाळंतपणाच्या कळा पुरुषाला सोसाव्या लागल्या असत्या तर एका मुलापुढं कुणी गेला नसता. आणखी एक मुद्दा असा, की बाईला काही कारणानं मूल नको असेल तर ते टाळण्याचं स्वातंत्र्य तिला हवं. ठराव पडला. स्वातंत्र्याच्या नऊ वर्षं आधी आपल्या पक्षानं विधानसभेत ही गोष्ट मांडली होती. आज जयंतीच्या किती भाषणांत ती येते? महाड येतं, पुणे करार येतो, हे येत नाही.

५

आता सरकारकडं बघू. सरकारलाही बाई दिसत नाही, आकडा दिसतो.

आणीबाणीत, १९७६-७७च्या एका वर्षात, देशात ८० लाखांवर नसबंद्या झाल्या. त्यांत बहुसंख्य पुरुष, आणि धरून नेलेले जास्त करून गरीब. पुरुष चिडले, सरकार पडलं. त्यानंतर सरकार शहाणं झालं म्हणजे काय केलं? मोर्चा बायांकडं वळवला. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणं देशातल्या हजार जोडप्यांत ३७९ ठिकाणी बाईचं ऑपरेशन झालेलं आहे, आणि तीन ठिकाणी पुरुषाचं. तीन! पुरुषाचं ऑपरेशन बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपं असतं, तरी. नोव्हेंबर २०१४मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात काही तासांत ८३ बायांची ऑपरेशनं उरकली. तिथल्या शिबिरांनंतर डझनभराहून जास्त बाया मेल्या. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की ही शिबिरं तीन वर्षांत बंद करा. पुरुषांच्या नसबंदीवरून सरकार पडलं, बायांच्या मरणावरून कुठलंच पडलं नाही.

आपल्याकडं आणखी एक खुबी. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर ग्रामपंचायतीचं सदस्यपद जाईल, असा नियम महाराष्ट्रात आला. राखीव जागेवर निवडून आलेली आपली बाई. तिसरं मूल हवं हे ठरवणारा नवरा नाहीतर सासू. खुर्ची गेली तिची.

काही मित्र म्हणतात, कुटुंबनियोजन हा आपली संख्या कमी करण्याचा डाव आहे. आणीबाणी बघितलेल्यांचा संशय मी खोटा म्हणणार नाही. पण 'पोरं बंद करा' म्हणणारा आणि 'पोरं वाढवा' म्हणणारा, दोघांचाही हात बाईच्या पोटावरच आहे. आमची मागणी, दोघांनीही हात काढा. पाळणा लांबवायचा तर साधन मिळालं पाहिजे. नको असलेलं पोट पाडायचं तर शिकलेला डॉक्टर मिळाला पाहिजे. मूल हवं असेल तर मरणाच्या भीतीवाचून बाळंतपण झालं पाहिजे. आणि पिशवीचं दुखणं असेल तर आधी औषध, चाकू शेवटी. या चारांतलं एकही तोडलं की बाकीची तीन खोटी.

६

कागदावर बरंच आहे. सज्ञान बाईला गर्भपातासाठी नवऱ्याची सही लागत नाही, तिची स्वतःची पुरे. तिचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरला बंधनकारक आहे. २०२१च्या दुरुस्तीनं वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, आणि बलात्कार झालेल्या, अल्पवयीन अशा काही बायांसाठी मुदत चोवीस आठवड्यांवर गेली. २९ सप्टेंबर २०२२ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की लग्न झालेली आणि न झालेली असा भेद इथं करता येणार नाही. पण खिडकीवरचा माणूस अजून विचारतो, "नवऱ्याला घेऊन या." बाई परत फिरते आणि भोंदूकडं जाते. त्या खिडकीशी तिच्याबरोबर उभं राहून 'कायदा दाखवा' म्हणणारा कार्यकर्ता मला हवा आहे. पोलीस चौकीत आपण हे करतो. दवाखान्यात का नाही? ऑपरेशन सांगितलं तर केसपेपर मागा, दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. अभ्यासवर्गात १९३८चं ते भाषण वाचा, आणि त्या दिवशी बायांना मागच्या सतरंजीवर बसवू नका.

शेवटी माझा हिशेब. दुसऱ्या मुलानंतर ऑपरेशन माझ्या बायकोनं केलं. मी करावं असं माझ्या मनातही आलं नाही. ती आत टेबलावर होती आणि मी दवाखान्याबाहेर टपरीवर बसून कवितेतला एक शब्द बदलत होतो. शब्द कुठला ते आता आठवतं, म्हणून लाज वाटते. कूस.

ती कविता मी परत म्हणणार नाही. आत्याला म्हणलं, तुझ्यावर लिहितो. ती म्हणाली, "लिव्ह. पन आधी माझ्या सुनेला दवाखान्यात घिऊन जा. तिलाबी डाक्टर पिशवी काढ म्हनतोय. सत्तावीसची हाय."

उद्या जातोय. केसपेपर मागणार आहे.

जयभीम.